पोटखराब्यातील अन्नपूर्णा

(मंदिर जीर्णोद्धार व कलशारोहण सोहळ्यातील व्याख्यानाचा मजकूर)



देवळाच्या मंडपात रानातल्या भाजीपाल्याचा विषय कशाला, असा प्रश्न काही वडीलधाऱ्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु ज्या घरी ऋषिपंचमी पाळली जाते, तेथील माउलींना हा विषय नवा नाही. भाद्रपद शुद्ध पंचमीस बैलाच्या श्रमाचे अन्न वर्ज्य असते. नांगर न लागलेल्या जमिनीतून, परसातून, कुंपणावरून जे मिळेल ते एका भांड्यात शिजवावयाचे आणि तेच देवापुढे ठेवून खावयाचे. वर्षातून एक दिवस का होईना, जे पेरलेले नाही तेही अन्न आहे, याची आठवण पूर्वजांनी व्रतात बांधून ठेवली. शहापूर-मुरबाडच्या डोंगरकडेच्या वाड्यांतून मात्र असे जेवण पावसाळाभर चालते, आणि तेथे त्यास व्रत म्हणत नाहीत.

या दोन्ही तालुक्यांत पाऊस २,००० मिलिमीटरच्या वर पडतो, पण मुख्य पीक एकच, भाताचे. ते हाती येते अश्विन-कार्तिकात. फाल्गुन-चैत्रापर्यंत लहान शेतकऱ्याची कणगी तळाशी येते. ज्येष्ठात राब पेरावयाचा, आषाढात आवणी करावयाची, म्हणजे अंगमेहनत सर्वांत जास्त ती याच दिवसांत, आणि घरात दाणा सर्वांत कमी तोही याच दिवसांत. आदिवासी विकास महामंडळाची खावटी कर्ज योजना १९७८ साली निघाली ती याच महिन्यांची नड ओळखून. पुढे ती थांबली. करोनाच्या काळात, २०२० साली, शासनाने कुटुंबामागे ४,००० रुपयांचे खावटी अनुदान मंजूर केले, निम्मे रोख आणि निम्मे वस्तुरूपाने. कातकरी कुटुंबांची अडचण आणखी वेगळी. दिवाळीनंतर ती वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर वाडीत परततात. तेव्हा घरात चूल पेटवावयाची तर भांड्यात काय घालावे, येथून सुरुवात असते.

निसर्गाचा हिशेब असा की, कणगी रिकामी होण्याची वेळ आणि रानात कोंब फुटण्याची वेळ एकच आहे.

दप्तरात मात्र या अन्नाची नोंद सापडावयाची नाही. ज्या माळावर टाकळा येतो, ज्या खडकाळ उतारावर फोडशी उगवते, ज्या काट्याकुट्यात करटोलीचा वेल चढतो, ती जागा सातबारावर 'पोटखराबा' म्हणून लिहिलेली असते. गाव नमुना बारामध्ये भात लिहितात, नाचणी लिहितात, वरी लिहितात. कुर्डू कोणी लिहीत नाही. पैसेवारी ५० पैशांच्या आत आली की टंचाईच्या सवलती लागू होतात. रानातील भाजीची पैसेवारी कोणी काढल्याचे ऐकिवात नाही. पोटखराबा म्हणजे शेताच्या पोटातील लागवडीस निरुपयोगी भाग. ज्याने हा शब्द प्रथम लिहिला त्याने ती जागा बहुधा उन्हाळ्यात पाहिली असावी.

आता भाज्यांकडे वळू. पहिला मान शेवळाचा. ज्येष्ठात वळवाच्या सरी पडल्या की, जमिनीखालच्या कंदातून पानाआधीच जांभळट-तपकिरी आवरणातला एक कोंब वर येतो. तेच शेवळ. मुरबाड-शहापूरच्या बाजारात, कल्याण-ठाण्याच्या मंडईत त्याच्या जुड्या दिसू लागल्या की पाऊस आला असे समजावे. जुडीशेजारी हिरव्या काकडांचा वाटा ठेवलेला असतो. अनोळखी गिऱ्हाईक शेवळे घेते, काकडे तेथेच ठेवते आणि रात्री घसा धरून बसते. शेवळात सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते घशाला टोचतात. म्हणून आतील पिवळा दाणेदार भाग काढून टाकावयाचा, बाकीचे बारीक चिरून भरपूर शिजवावयाचे आणि काकडाच्या आंबट पाण्यात मुरवावयाचे. काकड नसेल तर चिंच. काकडाचे झाडही नेमके त्याच सुमारास फळते. ही जोडी कोणी पुस्तकात वाचून जमविलेली नाही. कित्येक पिढ्यांच्या घशांनी ती शिकून घेतली आहे. ठाण्याकडील कायस्थ घरांत शेवळांचे मोठे कौतुक असून ती सोड्यांबरोबर करतात. देवळाच्या व्यासपीठावर सोड्यांचे नाव नको, असे कोणी म्हणेल, परंतु ज्या घरची जी रीत ती सांगितली पाहिजे.

शेवळापाठोपाठ टाकळा येतो. तो इतका उगवतो की त्याची किंमत राहत नाही. गुरे त्यास तोंड लावत नाहीत, त्यामुळे रस्त्याच्या कडेला, पडक्या घरांच्या जोत्यावर त्याचे रान माजते. दोन-चार पानांचा असतानाच तो खुडावा. एकदा पिवळे फूल दिसले की भाजीचा काळ संपला. लसणाची फोडणी, मूठभर डाळ, असल्यास जवळा, एवढ्यावर ती भाजी होते. मग कुर्डू, माठ, घोळ. फोडशी गवतासारखी दिसते. तिला काही गावांत कुलू म्हणतात. भारंगीची पाने कडू, ती उकळून पाणी टाकून करतात. खोकल्यावर ती चांगली असा जुना समज आहे. श्रावणात करटोली, पुढे चाईचा मोहर. बांबूचे कोवळे कोंब म्हणजे वास्ते. ते चिरून पाण्यात ठेवून, उकळून, पाणी फेकून मगच शिजवावेत, कारण कच्च्या कोंबात विषारी अंश असतो. ही यादी वाढविता येईल, पण व्याख्यान म्हणजे पंचांग नव्हे.

यातील पौष्टिकपणाचा भाग थोडा शांतपणे समजून घेतला पाहिजे. रेशनवर तांदूळ-गहू मिळतो. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबास माणशी ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबास ३५ किलो धान्य दरमहा देय आहे आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत झाले. ही लहान गोष्ट नाही. या धान्याने पोट भरते. पण रक्ताला लोह लागते, हाडांना कॅल्शियम लागते, डोळ्यांना जीवनसत्त्व 'अ' लागते, आणि नुसत्या पांढऱ्या भातात हे अल्प असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांच्या व पाच वर्षांखालील ६८.९ टक्के बालकांच्या अंगात रक्त कमी आढळले. म्हणजे या मंडपातील दोन स्त्रियांमागे एक, असे धरून चालण्यास हरकत नाही. हिरव्या पालेभाज्यांत हे लोह व जीवनसत्त्व 'अ' चे द्रव्य असते. मात्र पानातील लोह अंगी लागावयाचे तर सोबत आंबट हवे, लिंबू, आवळा, काही नाही तर चिंच. जेवल्यावर लगेच चहा घेतला तर लोह शोषले जाण्यात अडथळा येतो. जीवनसत्त्व 'अ' साठी तेलाचा हात लागतो. जुन्या काळी वाडीत मोहाचे अगर खुरासणीचे तेल घरचे असे, ते भाजीत चमचाभर पडे. आता पिशवीचे तेल विकत आणावे लागते आणि महिनाअखेर पहिली काटकसर त्यातच होते.

नागलीचा उल्लेख केल्याविना पुढे जाता येत नाही. १०० ग्रॅम नागलीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तेवढ्याच गाईच्या दुधात सुमारे १२०, तांदळात दहाच्या आसपास. नागलीची भाकरी आणि टाकळ्याची भाजी हे जेवण 'गरिबाचे' म्हणून ज्यांनी सोडले, ते आता तीच नागली शहरातील दुकानातून आकर्षक पुड्यात घेऊन येतात.

तरी एक गोष्ट येथे स्पष्ट नमूद केली पाहिजे. रानभाजीने कुपोषण हटते, असे भाषणातून सांगितले जाते. ते अर्धवट आहे. पाल्यात पाणी फार, ताकद कमी. दीड-दोन वर्षांच्या मुलाचे पोट मुठीएवढे. ते भाजीने भरून टाकले तर भाताला, डाळीला, तेलाला जागा राहत नाही. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी सारा महाराष्ट्र हादरला. तेव्हा तो भाग ठाणे जिल्ह्यातच होता. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला. जंगल तेथेही होते. ज्या मुलाच्या दंडाला माप लावून अंगणवाडीताई 'दवाखान्यात न्या' म्हणते, त्या मुलाला दवाखान्यातच नेले पाहिजे. भाजी ही रोजच्या ताटातील भर आहे, तिला औषध समजून उपचार लांबवू नयेत.

खरी ताकद देतात ते कंद, आणि त्यांची विद्या सर्वांत अवघड. कडूकंद पाहा. पावसाळ्यानंतर वेल वाळला की जागा ओळखून खणावयाचा. कच्चा खाल्ला तर ओकारी-जुलाब ठरलेले. त्याच्या पातळ चकत्या करतात, राख घालून उकडतात, मग टोपलीत भरून वाहत्या ओहोळात रात्रभर ठेवतात. सकाळी एक चकती जिभेवर ठेवून पाहावयाची; कडवटपणा राहिला असेल तर पुन्हा राख, पुन्हा उकड, पुन्हा ओहोळ. एवढ्या खटपटीनंतर हातात येते ते पोटभर अन्न. १९७२ चा दुष्काळ पाहिलेली माणसे आता थोडी उरली आहेत, पण अशा सालात काय खणून खावे हे डोंगरकडेच्या म्हाताऱ्या माणसांना सांगावे लागत नाही. किती राख, किती वेळ, कोणत्या खुणेचा वेल, हे ज्ञान ठाकर, कातकरी, महादेव कोळी, वारली घरांतील वडीलधाऱ्या बायांच्या हातात आहे. हातात म्हणण्याचे कारण, ते सांगून येत नाही. बरोबर जाऊन खणल्याने येते. कळलावीचाही कंद असतो आणि तो विषारी आहे. मोगली एरंडाच्या बिया खाऊन मुले आजारी पडतात. ज्या मुलाचे सात-आठ महिने भट्टीवर गेले, त्याला कोणता वेल खावयाचा आणि कोणता टाळावयाचा, हे कोणी आणि केव्हा दाखवावे? आजी वाडीत, नातू भट्टीवर. येथे साखळी तुटते. एकदा तुटली की पुन्हा जोडण्यास कोणत्याही अर्थसंकल्पात तरतूद नाही.

दुसरीकडे बाजार वाढतो आहे. पावसाळ्यात पहाटेच्या कसारा लोकलमध्ये आसनगाव, आटगाव, खर्डी येथे बाया पाट्या घेऊन चढतात. शहरातील लोकांना रानभाजीची गोडी लागली आहे, वर्तमानपत्रांतून तिचे गुण छापून येतात. कृषी विभाग २०२० पासून रानभाजी महोत्सव भरवितो, ९ ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास. यात वाईट काही नाही. ज्या बाईच्या हाती एरवी रोख पैसा येत नाही तिला त्यातून मीठ-मिरची, मुलाची वही मिळते. शहापूरच्या कातकरी तरुणांनी वन धन योजनेतून गुळवेल गोळा करून औषधी कंपन्यांना विकली, तेव्हा त्या उद्योगाचे देशभर नाव झाले. पण एक प्रश्न विचारण्यासारखा आहे. तानसा धरणाचे पाणी १८९२ पासून शहापूर तालुक्यातून मुंबईस जाते, पुढे मोडकसागर झाले, भातसा झाले. आणि उन्हाळ्यात याच तालुक्याच्या पाड्यांना टँकर लागतो. भाजीचेही तसे होत चालले आहे काय? शेवळाची पाटी भरून विकली आणि घरच्या मुलांनी भातावर मीठ घालून खाल्ले, तर महोत्सवातील छायाचित्र कितीही सुरेख आले तरी हिशेब चुकला असे म्हणावे लागेल. पाटीतली एक जुडी घरी ठेवण्याची रीत ज्या वाड्यांत आहे, ती टिकली पाहिजे.

मागणी वाढली की ओरबाडणेही वाढते. शेवळ हे त्या झाडाचे फूल आहे. सर्व फुले खुडली तर बी धरणार कोठून? जाणती बाई एका ठिकाणची सारी शेवळे काढीत नाही, दोन-तीन उभी ठेवून पुढे सरकते. फोडशी जमिनीच्या वर विळ्याने कापली तर पुन्हा फुटते. मुळासकट उपटलेली जुडी बाजारात ताजी दिसते खरी, पण पुढल्या वर्षी ती जागा मोकळी. मुसळीच्या मुळ्यांना औषधी भाव आल्यापासून कित्येक उतार खणून काढले गेले.

पूर्वी यास धाक होता. वारली समाजात पहिली कोवळी भाजी देवाला दाखविल्याखेरीज खात नाहीत. इतर समाजांतही नवे अन्न आधी गावदेवाला, मग माणसाला, ही रीत आहे. त्या आठ-पंधरा दिवसांत कोंब जमिनीत पाय रोवतो. देवराईत कुऱ्हाड न्यावयाची नाही, हा नियम तर सर्वांच्या परिचयाचा आहे. पुण्याचे डॉ. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास करून दाखवून दिले की, आजूबाजूचे रान तुटले तरी देवाच्या नावाने राखलेल्या या तुकड्यांत दुर्मीळ झाडे-वेली टिकून राहिल्या. जीर्णोद्धाराच्या उत्साहात कित्येक ठिकाणी देवळासमोर फरशी येते, मागे सभामंडप येतो, आणि देवराईतील चार-सहा झाडे 'आड येतात' म्हणून जातात. येथे देणगीदार बसले आहेत म्हणून हे बोलणे जड वाटेल, तरी ते बोलणे भाग आहे.

कायद्याने आता वाडीला आधार दिला आहे. संपूर्ण शहापूर तालुका आणि मुरबाडमधील काही गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करणे, वापरणे व विकणे हा वननिवासींचा हक्क मानला, आणि त्या वनोपजाच्या व्याख्येत मुळे व कंद स्पष्ट लिहिले आहेत. सबब, डोक्यावर भाजीची पाटी घेऊन निघालेल्या बाईने कोणाच्याही दटावणीस भिण्याचे कारण नाही. सामूहिक वनहक्काचे दावे ज्या ग्रामसभांनी अद्याप दाखल केले नाहीत त्यांनी ते करावेत. कागदपत्रे कटकटीची असतात, हे खरे. न केलेल्या अर्जावर मात्र कोणताच निर्णय होत नाही.

नवी संकटे कायद्याच्या बाहेरची आहेत. मजूर मिळत नाही म्हणून शेतात व बांधावर तणनाशक मारले जाते. त्या 'तणा'त कुर्डू, माठ, घोळ आले. फवारलेल्या बांधावरची भाजी खुडू नये, आणि फवारणाऱ्याने शेजारणीला आधी सांगावे, एवढा शेजारधर्म तरी राहावा. डोंगराच्या पायथ्याशी शहरवासीयांची फार्महाऊसे झाली, तारेची कुंपणे पडली, आणि बायांची वाट लांबली. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि शहापूर मुंबईला आणखी जवळ आले. जमिनीचे भाव वाढतील तसा पोटखराबाही विकला जाईल, कारण घेणाऱ्याला तेथे काय उगवते याच्याशी कर्तव्य नसते.

घाटाच्या वरच्या अंगाला अकोले तालुक्यात कोंभाळणे गाव आहे. तेथील राहीबाई पोपेरे यांनी शाळेचे तोंड न पाहता गावठी बियाणे जपले आणि २०२० साली त्यांचे नाव पद्मश्रीच्या यादीत झळकले. तसे जाणते हात घाटाखालीही आहेत. शाळेच्या आणि आश्रमशाळेच्या मुलांना श्रावणातल्या एका दिवशी अशा आजीबरोबर रानात धाडावे, आणि त्या दिवसाची मजुरी आजीला द्यावी. शिक्षकांना मानधन असते तर तिलाही असावे.

राहिला या मंदिराचा प्रश्न. समितीने मागील बाजूची जागा राखून ठेवली तर तेथे काकडाची दोन रोपे, कुंपणाला करटोली, ओलाव्याच्या कडेला शेवळाचे कंद लावता येतील. महाप्रसादाच्या पंक्तीत भाताबरोबर श्रावणात एखादी रानभाजी वाढली तर देवाची त्यास हरकत असणार नाही. भाजी मात्र वाडीतील बायांकडून रोख भावाने घ्यावी, देणगी म्हणून मागू नये. करटोलीचे कंद पावसाच्या सुरुवातीस लावावेत. करटोलीत नर वेल वेगळा आणि मादी वेल वेगळा. फुलाखाली बारीक काटेरी फळाचा आकार दिसतो तो मादी, नुसता देठ असतो तो नर. दहा मादी वेलांमागे एक नर वेल पुरतो. त्याला फळ येत नाही म्हणून वांझ समजून तो उपटू नये, एवढे साफसफाई करणाऱ्या माणसास आधीच सांगून ठेवावे.